चौदा घागरींचा कूलर

मे महिन्यात चंद्रपूर सोडून जाणारा कूलरवाला म्हणजे लग्नसराईत उपास धरणारा आचारी. हे वाक्य माझं नाही. आमचे शेजारी पत्रूभाऊ यांचं आहे, आणि ते त्यांनी माझ्याच ओट्यावर बसून, माझाच चहा पीत, माझ्या बायकोसमोर म्हटलं. सईदानं त्यांच्या हातातला कप अर्धाच असताना काढून घेतला. तेव्हाच मला कळलं की या वर्षी आपल्याला जावं लागणार.

मी नवाब. चंद्रपूरच्या घुटकाळा वस्तीत, घराच्या पुढच्या खोलीत माझं दुकान आहे, 'नवाब कूलर वर्क्स'. बावीस वर्षं मी या गावाला गार करतो आहे. फुशारकी मारायचा माझा स्वभाव नाही, पण पारा सेहेचाळीसवर गेला की मोठमोठी माणसं माझ्याशी ज्या अदबीनं बोलतात, ती अदब त्यांना पावसाळ्यात कुठे ठेवावी ते सुचत नाही. या धंद्यात मी काही सिद्धांतही शोधून काढले आहेत. त्यातला मुख्य असा की बंद पडलेला पंप लगेच खोलू नये. तो एक दिवस नुसता ओट्यावर ठेवावा. आतली ओल सुकते आणि अर्धे पंप आपोआप चालू होतात. मी सकाळी पंप ओट्यावर ठेवून लोकांच्या घरी कामाला जातो, संध्याकाळी येऊन बटण दाबतो, की पंप सुरू. गिऱ्हाईक म्हणतं, नवाबभाऊच्या हाताला गुण आहे. मी नम्रपणे खाली पाहतो.

तर सईदा. लग्न झालं त्या उन्हाळ्यात मी तिला शब्द दिला होता की दोन दिवस तुला थंड हवेच्या ठिकाणी नेईन. त्याला सोळा उन्हाळे झाले. दर उन्हाळ्यात मी "सीझन संपू दे" म्हणायचो, आणि सीझन संपला की पाऊस यायचा आणि सगळा गावच थंड हवेचं ठिकाण व्हायचा. आमची उमेरा नववीत गेली, सैफ तिसरीत गेला, तरी आमची मजल बाजाराच्या पलीकडे गेली नाही.

या वर्षी तिनं आवाज न चढवता सांगितलं. आमच्या घरात हिंदी आणि मराठी एकाच ताटात जेवतात, पण महत्त्वाचं काही असलं की सईदा मराठीत बोलते.

"दोन दिवस. अन् त्या दोन दिवसात तुमी पाना-पेचकस हातात धराचा नाई. कसम घ्या."

"अन् धरला तं?"

"तं मी यापुढं कधीच तुमाले कुठी चला म्हणणार नाई. मनातून काढून टाकीन."

ती चिडली असती तर मी निभावून नेलं असतं. पण ती शांत होती. मी दोन्ही कान पकडून कसम घेतली.

ठिकाण ठरवायला वेळ लागला नाही. जिवती तालुक्यात डोंगरमाथ्यावर मांडवगुडा नावाचं गाव आहे आणि तिथे जंगलात एक जुनं सरकारी विश्रामगृह आहे, असं मला एका गिऱ्हाइकानं सांगितलं होतं. वेळ लागला तो त्याच्या अर्जाला. अर्जात एक रकाना होता, 'भेटीचा उद्देश'. मी लिहिलं, 'थंड हवा'. खिडकीतल्या बाबूनं चष्म्यावरून पाहिलं.

"थंड हवा उद्देशात बसत नाई. पाहणी, अभ्यास, नाईतं विश्रांती."

मी 'विश्रांती' लिहिलं.

"कशापासून?" बाबूनं विचारलं.

सोळा वर्षांत मला कुणी इतका खोलातला प्रश्न विचारला नव्हता. मी उत्तर शोधत असताना माझी नजर त्याच्या मागच्या कूलरकडे गेली. तो नुसतीच गरम हवा फेकत होता. वाळ्याच्या ताट्या कोरड्या ठण्ण होत्या. मी आत जाऊन पंपाची नळी साफ केली, आणि नळीबरोबर अर्जाची वाटही मोकळी झाली. कसम तेव्हा लागू झाली नव्हती, हे इथे नोंदवून ठेवतो.

आता शेजाऱ्यांकडे वळतो, कारण त्यांनी आमच्याकडे आधीच वळून पाहिलं होतं. पत्रूभाऊ नोकरीत असताना एकदा जानेवारीत जिवतीला गेले होते, त्यामुळे त्या डोंगराचं सगळं ज्ञान त्यांच्याकडे होतं. "स्वेटर घ्या," ते म्हणाले. "हुडहुडी भरते बापा तिथी." त्यांच्या पत्नी नीलाबाईंनी वाघाची आठवण करून दिली आणि लिंबाचं लोणचं दिलं. या दोन गोष्टींचा काय संबंध ते मी विचारलं नाही. सईदानं खरोखरच चार स्वेटर घेतले. बाहेर पंचेचाळीस डिग्री होतं आणि आम्ही व्हॅनमध्ये स्वेटर भरत होतो.

पण निघायच्या आदल्या दिवशी पत्रूभाऊंनी मला बाजूला घेतलं आणि विचारलं, "नवाबभाऊ, समजा तिथी थंड नसन तं?"

या प्रश्नानं माझी बुद्धी फिरली. विचार करा, बावीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की हवा आपोआप थंड होत नाही, ती करावी लागते. आता मी बायकापोरांना घेऊन, कसलीही मोटर नसलेल्या हवेच्या भरवशावर चाललो होतो. मी दुकानातला सगळ्यात लहान कूलर, त्याच्या लोखंडी स्टँडसकट, गुपचूप व्हॅनच्या मागच्या भागात ठेवला आणि वर गाद्या टाकल्या. थंड हवेच्या ठिकाणी कूलर घेऊन जाणारा माणूस तुम्ही पाहिला नसेल. चंद्रपूरचा माणूस त्यात वावगं काही मानणार नाही.

राजुरा, गडचांदूर करत आम्ही घाट चढलो आणि अकरा वाजता पोहोचलो. मोहाच्या मोठमोठ्या झाडांखाली बसकं कौलारू घर, पुढे रुंद ओसरी, आणि समोर डोंगर उतरत गेलेले, सागाच्या वाळक्या पानांनी तांबूस दिसणारे. हवा चालत होती. गार म्हणता येईल अशी नव्हती, पण तोंडावर चपराक मारणारीही नव्हती. सईदा ओसरीच्या पायरीवर बसली, डोक्यावरची ओढणी मागे सरकवली आणि डोळे मिटून म्हणाली, "बस. हेच पायजे होतं."

त्याच क्षणी सैफ ओरडला, "अम्मी, गादीच्या खाली कूलर आहे!"

सईदानं डोळे उघडले. ती पायरीवरून उठली नाही. विश्रामगृहाचे चौकीदार लटारूभाऊ मात्र व्हॅनपाशी आले, त्यांनी कूलरला दोन्ही बाजूंनी पाहिलं आणि विचारलं, "भाऊ, तुमी विकाले आनला का?"

"नाई. लावाले."

"इथी?"

"हाव."

लटारूभाऊ साठीचे, सडसडीत, सरकारी कागदाला देवासारखं मानणारे. त्यांनी रजिस्टर काढून माझा उद्देश पुन्हा वाचला. विश्रांतीत कूलर बसतो की नाही याचा त्यांनी थोडा विचार केला आणि शेवटी खोलीतलं बटण दाखवलं. ओसरीत पाण्याचे दोन ड्रम काठोकाठ भरलेले होते. मी सैफच्या हातात बादली दिली आणि कूलरची टाकी भरून घेतली. वायर लावली. वायर लावायला पाना लागत नाही, त्यामुळे कसम शाबूत होती. फक्त टाकीचं बूच थोडं गळत होतं. घरी असतो तर पान्याचा एक आटा दिला असता. इथे मी कसमेत बांधलेला, म्हणून पाणी ठिबकत राहिलं आणि मी ते सद्वर्तनाचा पुरावा म्हणून पाहत राहिलो.

त्या दुपारी मी जी झोप घेतली ती राजालाही मिळत नसेल. तीन वाजता हवा गरम लागली म्हणून जाग आली. टाकी कोरडी होती, आणि सैफनं टाकीत ओतून ओतून ड्रमही रिकामे केले होते. मी ओसरीत येऊन म्हटलं, "पाणी संपलं." लटारूभाऊंच्या बायको गुणाबाई अंगण झाडत होत्या. बारीक चणीच्या, हिरवं नऊवारी, कपाळावर मोठं कुंकू. त्यांनी झाडू ठेवला, "आनतो भाऊ," म्हणाल्या आणि गेल्या. बऱ्याच वेळानं डोक्यावर दोन घागरी घेऊन आल्या, रित्या केल्या, पुन्हा गेल्या. पाचच्या पुढे टाकी परत रिकामी झाली, परत भरली गेली. मी लटारूभाऊंना म्हणालो सुद्धा, "तुमची पाण्याची व्यवस्था लय चांगली आहे." ते "हाव" म्हणाले आणि दुसरीकडे पाहू लागले. सईदा मुलांना घेऊन कुठेतरी फिरायला गेली होती. निदान माझी तशी समजूत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर घरात कुणी नाही. चहा झाकून ठेवलेला. मी पायात चपला अडकवून मागच्या पायवाटेनं उतरत गेलो. वाट चांगलीच खडी होती. रिकाम्या हातानं उतरताना माझे गुडघे बोलू लागले. खाली ओढा होता, म्हणजे ओढ्याची वाळू होती. वाळूत गुडघाभर खड्डा खणलेला, त्यात तळाशी ओंजळभर पाणी साचलेलं. गुणाबाई वाटीनं ते पाणी घागरीत भरत होत्या. एक वाटी काढली की पुन्हा झिरपायची वाट पाहायची. शेजारी माझी बायको, सलवार घोट्याच्या वर खोचून, दुसरी घागर धरून बसली होती. उमेराच्या हातात हंडा होता. सैफ खड्ड्यात कचरा पडू नये म्हणून पानं वेचत होता.

"या," सईदा म्हणाली. "तुमच्या कूलरचं पाणी भरून राह्यलो."

मी खड्ड्यात डोकावून पाहिलं.

"काल तुमच्या कूलरनं चौदा घागरी पेल्या," ती म्हणाली. "सात चकरा. ड्रम भराले गुणाबाईनं तीन अगुदरच मारल्या होत्या, मंग मी सोबत आलो."

"बाई, तुमी काऊन मले पैलेच सांगलं नाई?" मी गुणाबाईंना विचारलं.

गुणाबाई वाटीवरून नजर न काढता म्हणाल्या, "पाव्हन्याले पानी नाई म्हनाव का, भाऊ?"

आयुष्यात मला पुष्कळ लोकांनी लाजवलं आहे, पण रागावून. असं कुणी लाजवलं नव्हतं. मी एक घागर खांद्यावर घेतली आणि वर निघालो. वाटेत तीनदा खाली ठेवली. गुणाबाई डोक्यावर दोन घेऊन, मला मागे टाकून, सईदाशी मोहफुलांच्या भावाबद्दल बोलत पुढे गेल्या. वर पोहोचलो तेव्हा घागर अर्धी माझ्या सदऱ्यावर होती. मी आधी जाऊन कूलरची वायर काढली. टाकीत उरलेलं पाणी बादलीत घेऊन गुणाबाईंच्या परड्यातल्या वांग्यांना घातलं.

आणि मग मला ते दिसलं. ओसरीपासून वीस पावलांवर एक हातपंप होता, म्हणजे आमच्याकडचं बोरिंग. हँडल तारेनं बांधलेलं.

"हे काय?" मी विचारलं.

लटारूभाऊंनी मोठा श्वास घेतला. "दिवाळीपासून बंद आहे. तीन अर्ज देल्ले. पैला वापस आला, बोरिंगचा नंबर नाई म्हनून. नंबर पाहाले गेलो तं रंग उडून गेलेला. अंदाजानं टाकला, तं दुसरा वापस आला. तिसऱ्याले उत्तर आलं का तुमचं बोरिंग दफ्तरात चालू आहे. चालू बोरिंग सुधरवाची तरतूद नाई."

मी हँडल हलवून पाहिलं. ते सैल, बिनओझ्याचं हललं. पाणी आटलं नव्हतं. वरच्या डब्यात हँडल आणि आतली सळई यांना जोडणारी साखळी असते, तिचा बोल्ट गेला होता. अर्ध्या तासाचं काम. माझ्या दहाही बोटांना खाज सुटली. सात महिने एक बाई डोंगर चढ-उतर करते आहे, एका बोल्टासाठी! मी सईदाकडे वळलो.

"सईदा, मी कसम मोडतो. तू पुढं कधी चला म्हणली नाई तरी चालन. पण हे असं ठेवून मी जेवू शकत नाई."

माझ्या मते मी त्या क्षणी फार मोठा दिसत असेन.

"मोडाची नाई," सईदा म्हणाली. ती व्हॅनकडे गेली, स्वेटरांच्या खालून माझी हत्यारांची पिशवी काढली आणि घेऊन आली.

"ही इथी कशी?"

"तुमी कूलर लपवून आनला, मी पाना. रस्त्यात गाडी बंद पडली असती तं?" मी हात पुढे केला. तिनं पिशवी मागे घेतली. "तुमची सुट्टी आहे. बसा तिथी."

लटारूभाऊंनी बाज टाकली. मी बसलो. बायको बोरिंगपाशी गेली, ओढणी कमरेला बांधली आणि डब्याचं झाकण खोलायला लागली.

यानंतरचा अर्धा तास माझ्या आयुष्यातला सगळ्यात कठीण अर्धा तास होता. मी बाजेवरून सल्ले देत होतो. "उलटा फिरव." तिनं ऐकलं नाही. "अगुदर तेल सोड." तिनं आधीच सोडलं होतं. "जोर नको लावू." तिनं जोर लावला आणि नट निघाला. ओट्यावर बसून चहा पिणाऱ्या पत्रूभाऊंची जागा मी कधी घेतली ते मलाच कळलं नाही. लटारूभाऊ रजिस्टर छातीशी धरून म्हणत होते, "बाई, सरकारी मालमत्ता हाये, मले नोटीस येईन." पण झाकण धरायला तेच सगळ्यात पुढे होते. तुटलेल्या बोल्टाचा तुकडा बाहेर आला. सईदानं तो तळहातावर घेऊन पाहिला, इकडेतिकडे नजर फिरवली आणि सरळ खोलीत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली तेव्हा तिच्या हातात माझ्या कूलरच्या स्टँडचा बोल्ट होता. आत धप्पकन आवाज झाला तो कूलर एका बाजूला बसल्याचा.

बोल्ट बसला. झाकण लागलं. तार सोडली. उमेरा आणि सैफ हँडलला लटकले. दहा वेळा, वीस वेळा, पाणी नाही. गावातल्या बाया जमल्या होत्या. चाळीस झाले. मला वाटलं, आता सगळे हसतील, आणि तिला हसतील. हे मला सहन होणार नव्हतं. मी बाजेवरून उठलो. हँडल म्हणजे काही पाना नव्हे. पोरांना बाजूला केलं आणि मारायला लागलो. बासष्टाव्या वेळी आतून गुरगुर आली. मग गंजाचं लाल पाणी आलं, आणि मग स्वच्छ, जाड धार.

बाया ओरडल्याच. गुणाबाईंनी आधी बोरिंगला कुंकू लावलं. मग पितळी लोटा भरला आणि तो ना मला दिला ना लटारूभाऊंना. दोन्ही हातांनी सईदापुढे धरला. "तुमी पैले पेवा, बाई," त्या म्हणाल्या आणि ती पिईपर्यंत पदरानं डोळे पुसत उभ्या राहिल्या.

लटारूभाऊंनी खिशातून तिसऱ्या अर्जाचं उत्तर काढून पुन्हा वाचलं. त्यांचा चेहरा उजळला. "दफ्तरात चालू आहेच," ते म्हणाले. "आता नोटीस कायची येते! त्याइचा कागद आपन खरा केला."

परतीच्या वाटेवर, घाट उतरताना, मी विचारलं, "तुले हे येते कसं?"

सईदा खिडकीबाहेर पाहत होती. "सोळा साल झाले, ओट्यावरचे पंप कोन सुधरवते?"

"ते तं सुकल्यावर..." मी म्हणालो आणि तिथेच थांबलो. मागच्या सीटवर उमेरा हसू दाबत होती. म्हणजे पोरांनाही माहीत होतं. ज्याला मी धंद्याचा सिद्धांत समजत होतो तो रोज दुपारी, मुलांना निजवून, ओट्यावर बसून पंप खोलत होता.

"काऊन नाई सांगलं?"

"तुमी उन्हातून दमून येत होते. बटण दाबलं का खूश होत होते." ती माझ्याकडे वळली. "पण लोकं सलाम तुमाले करत होते. आज पयल्यांदा मले केला. मले लय चांगलं वाटलं, खरंच."

मी व्हॅन बाजूला घेतली आणि उगाच टायर पाहून आलो. डोळ्यांत कचरा गेला होता असं मी मुलांना सांगितलं.

घरी पोहोचलो तर ओट्यावर पत्रूभाऊ बंद पंप मांडीवर घेऊन बसलेले. दोन दिवसांत घामोळ्यांनी लाल झाले होते. "आले का बापा! हुडहुडी भरली का नाई?" आणि उत्तराची वाट न पाहता, "हा ठेवतो इथी. उद्यापर्यंत सुकला का होईन चालू, तुमच्या हाताले गुण आहे."

"माझ्या नाई," मी म्हणालो आणि सईदाला हाक मारली. ती सामान आत ठेवून आली, ओट्यावर बसली, पंप उलटा करून पाहिला. पत्रूभाऊ कधी तिच्याकडे, कधी माझ्याकडे पाहत राहिले. मी पिशवी उघडली आणि अदबीनं एक पाना तिच्या हातात दिला.

"हा नाई," सईदा म्हणाली. "दहा-अकराचा द्या."

मी दहा-अकराचा शोधून दिला.